विश्लेषण : दहा-पंधरा पेशींवरूनही डीएनए ओळख पटते; पण म्हणून आरोपी निश्चित होतो का?

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर ११ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या हल्ल्यात तिथे २,७५३ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी आणखी तिघांची ओळख पटल्याचे त्या शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे तब्बल २४ वर्षांनी. ओळख पटलेल्यांचा आकडा आता १,६५३ झाला आहे आणि सुमारे १,१०० जण अजूनही बाकी आहेत. आगीत भाजलेल्या, पाण्यात आणि विमानाच्या इंधनात भिजलेल्या हाडांच्या तुकड्यांतून डीएनए मिळवण्यासाठी या कार्यालयाने अलीकडे नव्या पिढीचे डीएनए सिक्वेन्सिंग वापरायला सुरुवात केली आहे. जुन्या पद्धतीपेक्षा ते अधिक संवेदनशील आणि जलद आहे, असे कार्यालयाचे म्हणणे.

त्याच देशात, कॅलिफोर्नियात, २०१२ मध्ये एका माणसाला खुनाच्या आरोपाखाली पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. मृताच्या नखांवर त्याचा डीएनए सापडला होता. चाचणी चुकीची नव्हती, डीएनए खरोखर त्याचाच होता. फक्त खून झाला त्या रात्री तो रुग्णालयात दाखल होता.

अत्यल्प डीएनए पकडण्याची क्षमता वाढत गेल्यामुळे या दोन्ही गोष्टी शक्य झाल्या. ही क्षमता नेमकी किती आहे, सिक्वेन्सिंगने तिच्यात काय भर पडते आणि न्यायालयात ती कुठे घसरते, हे समजून घेणे आपल्याकडेही आता गरजेचे झाले आहे. नव्या फौजदारी कायद्यांनी तपासात न्यायवैद्यक पुराव्याला मध्यवर्ती जागा दिली आहे.

संवेदनशीलता म्हणजे नेमके किती?

माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. न्यायवैद्यक चाचणीचे बहुतेक किट एक नॅनोग्रॅम, म्हणजे हजार पिकोग्रॅम किंवा त्याच्या निम्मा डीएनए मागतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे दीडशे पेशी. डोळ्यांना दिसेल एवढा रक्ताचा डाग असेल तर त्यात याच्या कितीतरी पट माल असतो.

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठसे शोधून काढले, तेव्हा चाचणीला नाण्याएवढा ताजा डाग लागत असे. पुढे कॅरी म्युलिस यांनी शोधलेली पीसीआर पद्धत आली आणि चित्र पालटले. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढण्याची पद्धत; करोनाकाळात हा शब्द घरोघरी पोहोचला. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. २८ फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या तत्त्वतः जवळपास २७ कोटी प्रती होतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, नुसत्या हाताळलेल्या वस्तूवरूनही माणसाचा डीएनए मिळू शकतो. रक्त नको, लाळ नको. पेन, किल्ली, टेलिफोनचा रिसीव्हर पुरे. हातातून हातात गेलेला दुसऱ्याच कुणाचा डीएनएही वस्तूवर मिळू शकतो, हेही त्यांनी त्याच टिपणात नोंदवले होते. पहिल्या निष्कर्षाने तपासयंत्रणा हुरळून गेल्या. दुसऱ्याकडे लक्ष जायला बरीच वर्षे लागली.

१९९९ मध्ये ब्रिटनच्या फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिसने २८ ऐवजी ३४ फेऱ्या करण्याची पद्धत सुरू केली. सहा फेऱ्या वाढवल्या म्हणजे प्रती ६४ पट. शंभर पिकोग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे पंधराएक पेशींच्या नमुन्यातूनही काही ना काही हाती लागू लागले.

आजची नेहमीची चाचणी काय मोजते?

आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी चार अक्षरांचा एकच शब्द पाठोपाठ अनेकदा येतो. त्याला एसटीआर म्हणतात. एखाद्याकडे तो शब्द एका ठिकाणी १३ वेळा येतो, दुसऱ्याकडे १५ वेळा. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे प्रत्येक ठिकाणचे दोन आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए साठ्यासाठी आधी अशी १३ ठिकाणे तपासत, जानेवारी २०१७ पासून २० तपासतात. सगळ्या ठिकाणचे सगळे आकडे दोन परक्या माणसांत जुळण्याची शक्यता नगण्य असते. ‘डीएनए जुळला’ असे बातमीत येते तेव्हा बहुतेक वेळा हे आकडे जुळलेले असतात.

हे आकडे काढताना यंत्र अक्षरे वाचत नाही, ते तुकड्याची लांबी मोजते. बारीक नळीतून विद्युतदाबाखाली तुकडे पळवले जातात. आखूड आधी पोहोचतो, लांब मागाहून. फलाटावर उभे राहून गाडीचे डबे मोजावेत तसे. तेरा डब्यांची गाडी आली, एवढे कळते. कुठला डबा कसला, ते कळत नाही.

सिक्वेन्सिंगने काय बदलते?

सिक्वेन्सिंगमध्ये प्रत्येक डबा पाहिला जातो. लाखो तुकडे एकाच वेळी अक्षर-अक्षर वाचले जातात. मग असे दिसते की, दोन्ही गाड्या तेरा डब्यांच्याच आहेत, पण एकीचा दुसरा डबा निराळा आहे. हे उदाहरण काल्पनिक नाही. डी८एस११७९ नावाच्या ठिकाणी ‘१३’ हा आकडा असलेल्या काहींच्या डीएनएमध्ये टीसीटीए हा शब्द सलग तेरा वेळा असतो. काहींच्यात आधी एकदा टीसीटीए, मग एकदा टीसीटीजी आणि पुढे अकरा वेळा टीसीटीए. लांबी तंतोतंत सारखी. जुन्या यंत्राला हे दोघे एकच वाटतात, सिक्वेन्सिंगला वेगळे दिसतात.

एकट्या माणसाच्या स्वच्छ नमुन्यात या फरकाची फारशी गरज पडत नाही, तिथे जुनी पद्धत पुरेशी आहे. खरी गरज मिश्र नमुन्यात लागते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचा आणि आरोपीचा डीएनए एकत्र येतो. चाकूच्या मुठीवर तिघाचौघांचा असू शकतो. त्यात एकाचा माल भरपूर आणि दुसऱ्याचा चिमूटभर असेल, तर चिमूटभरवाला झाकला जातो. पीसीआर करताना यंत्रणा मधूनमधून अडखळते आणि १३ च्या गाडीबरोबर थोड्या १२ च्या गाड्याही तयार होतात. तज्ज्ञ याला ‘स्टटर’ म्हणतात, म्हणजे तोतरेपणा. आता दुसऱ्या माणसाचा खरा आकडाच १२ असला तर? लांबी मोजणाऱ्या यंत्रावर तो खरा १२ आणि तोतरा १२ एकमेकांवर बसतात. अक्षरे वाचली तर पुष्कळदा दोघांना वेगळे काढता येते.

दुसरा फायदा तुकड्यांच्या लांबीचा. जुन्या पद्धतीत वेगवेगळी ठिकाणे एकाच नळीतून पळवायची असल्याने काही तुकडे मुद्दाम लांब, चारशे अक्षरांपर्यंतचे ठेवावे लागतात. सिक्वेन्सिंगला हे बंधन नाही. शिवाय एसटीआरबरोबर एकाच अक्षराचा फरक असलेली ठिकाणेही, ज्यांना एसएनपी म्हणतात, त्याच चाचणीत वाचता येतात. त्यांना शंभर अक्षरांच्या आतला तुकडाही चालतो. सडलेल्या, भाजलेल्या नमुन्यात डीएनएचे असेच बारीक चुरे उरलेले असतात.

मग सिक्वेन्सिंग जास्त संवेदनशील म्हणायचे का?

इथे जाहिरात आणि प्रयोगशाळा यांत फरक पडतो. पेशी किती कमी चालतील, एवढाच प्रश्न असेल तर एसटीआरच्या बाबतीत दोन्ही पद्धती साधारण एकाच जागी येऊन थांबतात. शंभर पिकोग्रॅमच्या आसपास पूर्ण निकाल मिळतो, पन्नासच्या खाली गाळलेल्या जागा दिसू लागतात. कारण अडचण यंत्रात नसून नमुन्यातच आहे. दहा पेशींचा अर्क नळीत घातला आणि त्यातला एखाद्या ठिकाणचा वडिलांकडचा तुकडा पीसीआरच्या तावडीत आलाच नाही, तर जगातले कुठलेही यंत्र तो वाचू शकणार नाही. फिकट कागदाची झेरॉक्स कितीही महागड्या मशीनवर काढा, मुळात न उमटलेले अक्षर त्यात येत नाही.

अशा अल्प नमुन्यात तीन गोष्टी होतात. असलेला आकडा गळतो. नसलेला आकडा कुठल्याशा भटक्या रेणूमुळे उपटतो. आणि दोन आकड्यांपैकी एक उगाच बलवान दिसतो. त्याच नमुन्याची चाचणी दोनदा केली तर दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात. म्हणून जबाबदार प्रयोगशाळा नमुन्याचे भाग करून चाचणी पुन्हा करतात आणि दोन्ही वेळा दिसलेलेच आकडे धरतात. पण नमुनाच एवढासा असेल की एकदाच चाचणी होईल, तर हा मार्गही बंद होतो. बचाव पक्षाला फेरतपासणीसाठी मग काहीच उरत नाही.

सिक्वेन्सिंगमध्ये यात एक प्रश्न वाढतो. निकाल ‘किती वेळा वाचले गेले’ या मोजणीत येतो. समजा, एका ठिकाणी हजार वाचने मिळाली. त्यांतली ४८० एका प्रकारची, ४७० दुसऱ्या प्रकारची, उरलेली ५० भलत्याच प्रकारांची. ही ५० म्हणजे यंत्राची चूक, स्टटर की तिसऱ्या माणसाची खूण? कुठेतरी रेघ मारावी लागते. रेघ वर मारली तर खरा अल्पांश वाटेकरी हातचा जातो, खाली मारली तर गोंगाटातून माणूस उभा राहतो. संवेदनशीलता ही अशी ठरवलेली गोष्ट आहे. त्यामुळे ही रेघ कुठे मारली आणि कोणत्या चाचण्यांच्या आधारे मारली, हे न्यायालयासमोरच्या अहवालात असायलाच हवे. अहवालाच्या शेवटच्या ‘जुळतो’ या शब्दापेक्षा माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे.

जिथे याचा खरोखर उपयोग झाला

कोरियन युद्धात मरण पावलेल्या आणि ओळख न पटलेल्या ८६७ अमेरिकी सैनिकांना हवाई बेटावरील पंचबोल या लष्करी दफनभूमीत पुरले होते. त्याआधी जपानमध्ये त्या मृतदेहांवर फॉर्मलिनची प्रक्रिया झाली होती. टिकावेत म्हणून केलेल्या त्या प्रक्रियेनेच आतला डीएनए निकामी झाला. पुढे कबरी उघडून हाडे तपासली, तर जुन्या पद्धतींना त्यातून जवळपास काहीच मिळेना. उरलेले तुकडे शंभर अक्षरांपेक्षाही आखूड होते. अमेरिकी सैन्याच्या डेलावेअरमधील डीएनए प्रयोगशाळेने २०१६ पासून त्यासाठी नव्या पिढीचे सिक्वेन्सिंग वापरले. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गळ टाकल्यासारखा चुऱ्यातून ओढून काढायचा आणि मग वाचायचा, अशी ही पद्धत. मायटोकॉन्ड्रियाच का? पेशीत मुख्य डीएनएच्या दोनच प्रती असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या शेकडो-हजारो. एखादी तरी वाचलेली सापडते. मात्र तो आईकडूनच येत असल्याने आईच्या बाजूच्या सगळ्या नातेवाईकांत सारखा असतो, एकट्या माणसावर बोट ठेवू शकत नाही.

अक्षरे वाचण्याच्या क्षमतेवर एक ऐतिहासिक वादही सुटला आहे. रशियात १९९१ मध्ये येकातेरिनबुर्गजवळ उकरलेल्या सांगाड्यांपैकी एक झार निकोलस दुसरा याचा असल्याचे मानले जात होते. त्याच्या मायटोकॉन्ड्रियातील १६१६९ व्या जागी मात्र एका अक्षराऐवजी सी आणि टी अशी दोन अक्षरे मिसळलेली दिसली. हयात नातेवाईकांत तिथे फक्त टी होते. शंकेला जागा मिळाली. मग १९९४ मध्ये झारचा १८९९ साली वारलेला भाऊ जॉर्ज याची कबर उघडली गेली. त्याच्या हाडांतही त्याच जागी तीच दोन अक्षरे निघाली, फक्त प्रमाण उलटे. शंकेचे कारणच पुरावा ठरले. तेव्हाच्या सिक्वेन्सिंगला असे मिश्रण दिसायला दुय्यम अक्षराचा वाटा साधारण दहा-वीस टक्के असावा लागे. आता काही टक्के असला तरी दिसतो.

अगदी ताजी घडामोड म्हणजे मूळ नसलेल्या केसांची. उपटलेल्या केसाच्या मुळाशी पेशी असतात, गळालेल्या केसाला त्या जवळपास नसतात. त्यामुळे गळालेल्या केसातून मायटोकॉन्ड्रियापलीकडे काही मिळत नाही, असेच अनेक वर्षे समजले जाई. न्यूयॉर्क राज्यातील गिल्गो बीच हत्यासत्रात अशा केसांतल्या अतिआखूड तुकड्यांचे संपूर्ण जनुकीय सिक्वेन्सिंग करण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. त्या राज्यात असे पहिल्यांदाच घडले.

चाळीस गुन्ह्यांतली एकच बाई

आता दुसरी बाजू. जर्मनीतील हाइलब्रॉन शहरात एप्रिल २००७ मध्ये एका २२ वर्षांच्या पोलीस महिलेचा गाडीत गोळी घालून खून झाला. तिचा सहकारी गंभीर जखमी झाला. गाडीतून घेतलेल्या नमुन्यात एका अज्ञात स्त्रीचा डीएनए मिळाला. साठ्यात शोध घेतल्यावर तीच बाई १९९३ मधल्या एका वृद्धेच्या खुनात, चोऱ्यांत, अमली पदार्थाच्या सिरिंजवर, बिस्किटाच्या तुकड्यावर, असे करत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांत सापडली. तीन लाख युरोंचे बक्षीस लागले. साथीदार प्रत्येक वेळी वेगळे, आणि पकडल्या गेलेल्या एकालाही ही बाई माहीत नाही. वृत्तपत्रांनी तिला ‘हाइलब्रॉनचे भूत’ हे नाव दिले.

मार्च २००९ मध्ये उलगडा झाला. फ्रान्समध्ये एका पुरुषाच्या कागदपत्रांवरच्या ठशाची चाचणी केली, तर त्यातही तीच बाई निघाली. तेव्हा कुठे तपास पथकाने स्वतःच्या हातातल्या काडीकडे पाहिले. नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या जिथे भरल्या जात, त्या कारखान्यातील एका कामगार महिलेचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या, यात खोटे काही नव्हते. पण निर्जंतुक करणे म्हणजे जंतू मारणे. मेलेल्या पेशीतला डीएनए तसाच राहतो आणि पीसीआरला मेलेला-जिवंत असा भेद नसतो. त्या पोलीस महिलेचा खून एका नवनाझी दहशतवादी टोळीने केला होता, हे २०११ मध्ये उघडकीला आले. तोवर दोन वर्षे तपास एका कामगार बाईचा माग काढण्यात गेली होती.

या प्रकरणाचा एक ठोस परिणाम झाला. डीएनए नमुन्यांसाठी लागणाऱ्या काड्या, नळ्या, हातमोजे यांच्या निर्मितीत मानवी डीएनए मिसळू नये यासाठी २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे स्वतंत्र मानक आले.

नखांवर डीएनए आला कसा?

कॅलिफोर्नियातल्या प्रकरणात काड्या स्वच्छ होत्या. ज्याच्यावर आरोप झाला तो बेघर माणूस त्या संध्याकाळी अतिमद्यपानाने कोसळला होता. रुग्णवाहिकेच्या पथकाने त्याला तपासून रुग्णालयात पोहोचवले. काही तासांनी तेच कर्मचारी एका श्रीमंत वस्तीत दरोड्यात मारल्या गेलेल्या माणसाच्या घरी पोहोचले. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बहुधा दोघांनाही लावले गेले. करोनात आपण सगळ्यांनी वापरले तेच छोटे चिमट्यासारखे यंत्र. एका बोटावरच्या काही पेशी दुसऱ्या बोटापर्यंत गेल्या. रुग्णालयातील नोंदी वकिलांच्या हाती लागल्या म्हणून हा माणूस सुटला; नाहीतर मृत्युदंडापर्यंत जाऊ शकणारा खटला समोर होता. तो त्या रात्री घरी एकटा झोपला असता तर कोणत्या नोंदी दाखवणार होता?

प्रयोगशाळा दोन प्रश्नांपैकी एकाचेच उत्तर देते. हा डीएनए कोणाचा, हा पहिला प्रश्न. तो तिथे कसा आणि कधी आला, हा दुसरा. संवेदनशीलता वाढते तसे पहिले उत्तर अधिकाधिक भक्कम होते आणि दुसरे अधिकाधिक धूसर. रक्ताचे थारोळे असेल तर दुसऱ्या प्रश्नाला फार वाव नसतो. दहा पेशी हस्तांदोलनातून, टॉवेलवरून, लोकलच्या दांडीवरून कुठेही जाऊ शकतात. सिक्वेन्सिंग कितीही सुधारले, तरी दुसऱ्या प्रश्नावर ते काही बोलू शकत नाही. डीएनएवर तारीख छापलेली नसते.

ब्रिटनला हे ओमाच्या खटल्यात कळले. उत्तर आयर्लंडमधील ओमा येथे ऑगस्ट १९९८ मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात २९ जणांचा बळी गेला. ३४ फेऱ्यांच्या पद्धतीने मिळवलेला डीएनए हा आरोपीविरुद्धचा महत्त्वाचा पुरावा होता. डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडताना पोलिसांनी मुद्देमाल कसा हाताळला यावर कडक ताशेरे ओढले आणि या पद्धतीच्या प्रमाणीकरणाबद्दल शंका घेतली. पद्धतीचा वापर काही आठवडे थांबवण्यात आला. सरकारने नेमलेल्या समीक्षेने एप्रिल २००८ मध्ये शास्त्र पक्के असल्याचा निर्वाळा दिला, पण नमुने गोळा करण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत एकसारखे नियम हवेत, असेही सांगितले. थोडक्यात, स्फोटाच्या वेळी गोळा केलेला मुद्देमाल पुढे इतके संवेदनशील यंत्र येईल, या हिशोबाने कुणी हाताळलाच नव्हता. आपल्या पोलीस ठाण्यांतील जुन्या मुद्देमालाबाबतही हे ध्यानात ठेवायला हवे.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

आपल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत, कलिन्यातील मुख्य प्रयोगशाळा धरून, नेहमीचे काम एसटीआरच्या लांबीवर चालते. सामूहिक दुर्घटनांत याच पद्धतीने मोठे काम केले आहे. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी झालेल्या विमान अपघातात २६० जणांचा मृत्यू झाला. चेहऱ्यावरून ओळख पटणे शक्य नसलेले बहुतेक मृतदेह नातेवाईकांच्या नमुन्यांशी डीएनए जुळवून, महिन्याभराच्या आत कुटुंबीयांच्या ताब्यात देण्यात आले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे बंधनकारक होत आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. नमुन्यांची संख्या यामुळे वाढणार. दुसरीकडे, प्रयोगशाळांच्या दर्जाचे नियमन आणि डीएनए साठ्याची चौकट ठरवणारे २०१९ चे डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्यातल्या खासगीपणाच्या मुद्द्यांवर आक्षेप होते आणि ते योग्यच होते. सिक्वेन्सिंगच्या एका प्रचलित किटमध्ये ओळखीच्या खुणांसोबत डोळ्यांचा व केसांचा रंग आणि वांशिक मूळ सांगणारी ठिकाणेही वाचण्याची सोय आहे. ती चालू ठेवायची की बंद, हे निव्वळ प्रयोगशाळेच्या मर्जीवर सोडता येणार नाही. पण विधेयक गेले तसे दर्जाचे नियमनही गेले.

सर्वोच्च न्यायालयाचे गेल्या काही वर्षांतले निकाल पाहिले, तर डीएनए पुरावा यंत्रामुळे पडलेला दिसत नाही, वाटेत पडलेला दिसतो. दिल्लीतील छावला प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेले तिघे सुटले. नमुने काही दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते आणि अहवालाचा शास्त्रीय आधार खालच्या न्यायालयांनी तपासलाच नव्हता, हे न्यायालयाने नोंदवले. ठाणे जिल्ह्यातील २०१० च्या एका बालिकेच्या हत्येच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये असेच घडले. नमुने पाठवण्यातल्या विलंबाचे समाधानकारक कारण सरकारी पक्षाला देता आले नाही. दोन्ही ठिकाणी बळी गेलेल्या मुलींच्या घरच्यांना खरा गुन्हेगार कोण, याचे उत्तर मिळाले नाही. सदोष पुराव्याची किंमत फक्त आरोपी मोजतो, असे नाही.

यानंतर जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात फाशी झालेल्या आरोपीला निर्दोष ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. नमुना नीट बांधून त्यावर गुन्हा क्रमांक, कलमे आणि तपास अधिकाऱ्याचा तपशील लिहायचा. तो ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचा, उशीर झाल्यास कारण नोंदवायचे. खटला सुरू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचे नाही. आणि नमुना गोळा केल्यापासून आरोपी दोषी वा निर्दोष ठरेपर्यंत तो कोणाकोणाच्या हातून गेला, याची नोंदवही ठेवायची. नोंदवहीचा नमुना तयार करून सर्व जिल्ह्यांत पोहोचवण्याची जबाबदारी राज्यांच्या पोलीस महासंचालकांवर टाकली आहे.

या नोंदवहीची सुरुवात नमुना टिपल्यापासून होते. हाइलब्रॉनची काडी त्याआधीच, पाकिटात बंद असतानाच बिघडलेली होती. म्हणून काड्या, हातमोजे आणि नळ्या यांच्या खरेदीच्या निविदेत ‘निर्जंतुक’ या शब्दाऐवजी आयएसओ १८३८५ ची अट घालायला हवी. नमुने घेणारे कर्मचारी, पंचनाम्याला हजर असलेले पोलीस आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांचे डीएनए वेगळे नोंदवून ठेवून प्रत्येक निकाल आधी त्यांच्याशी ताडून पाहायला हवा. परदेशातील अनेक प्रयोगशाळा हे नियमित करतात. सिक्वेन्सिंगचे यंत्र विकत घेण्याच्या तुलनेत या दोन्ही गोष्टींचा खर्च किरकोळ आहे, आणि त्या यंत्र येण्याआधीच करून ठेवता येतात.